ब्रिटनची कोविड चौकशी समजून घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये राहणारे मराठी लोक, ज्यांची मुलं तिथे एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, डॉक्टर किंवा नर्स आहेत असे इकडचे आईवडील, आणि सरकारकडून हिशेब कसा मागितला जातो हे जाणून घ्यायची इच्छा असलेले वाचक यांच्या मनात येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माहिती डिसेंबर २०२५ पर्यंतची आहे.

ही चौकशी कोण करतंय?

हेदर हॅलेट. त्या अपील न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीश आहेत. ७ जुलै २००५ च्या लंडन बॉम्बस्फोटांतल्या मृत्यूंची न्यायालयीन तपासणीही त्यांनीच केली होती. कोविड चौकशीच्या अध्यक्षपदी त्यांची नेमणूक डिसेंबर २०२१ मध्ये झाली. चौकशीची कार्यकक्षा जून २०२२ मध्ये पक्की झाली आणि पहिली मोठी जाहीर सुनावणी १३ जून २०२३ रोजी लंडनमध्ये पॅडिंग्टनजवळच्या डोरलँड हाउसमध्ये सुरू झाली. साक्षीदारांना प्रश्न विचारण्याचं मुख्य काम ह्यूगो कीथ या ज्येष्ठ वकिलांकडे होतं.

चौकशी २००५ च्या इन्क्वायरीज अ‍ॅक्टखाली चालते. त्यामुळे अध्यक्षांना कागदपत्रं मागवण्याचा, साक्षीला बोलावण्याचा आणि शपथेवर जबाब घेण्याचा कायदेशीर अधिकार आहे. नकार देणं हा गुन्हा ठरतो.

साथ २०२० मध्ये आली, मग जाहीर सुनावणी २०२३ मध्ये का?

सरकारला घाई नव्हती, हे सरळ उत्तर. कोविडने माणसं गेलेल्या कुटुंबांनी २०२० पासूनच चौकशीची मागणी लावून धरली होती. पार्लमेंटच्या बरोबर समोर, थेम्सच्या पलीकडच्या काठावर सेंट थॉमस हॉस्पिटलला लागून एक लांब भिंत आहे. मार्च २०२१ च्या अखेरीस याच लोकांनी तिच्यावर लाल बदाम रंगवायला सुरुवात केली, गेलेल्या प्रत्येक माणसासाठी एक. खासदारांना खिडकीतून ती भिंत दिसत होती. १२ मे २०२१ रोजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी चौकशी जाहीर केली, पण ती सुरू होणार होती २०२२ च्या वसंतात. ‘आत्ता सगळे साथीशी लढताहेत, त्यांचं लक्ष विचलित नको’ असं कारण दिलं गेलं. त्यात तथ्य अजिबात नव्हतं असं नाही. पण मधल्या काळात आठवणी पुसट होतात, फोन बदलतात, मेसेज जातात. त्याची किंमत पुढे मोजावी लागली. ते खाली येईलच.

मग दोषींना शिक्षा कधी होणार?

या चौकशीतून कधीच नाही. कायद्याच्या दुसऱ्या कलमातच लिहिलंय की अशा चौकशीला कोणाचीही दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी ठरवता येत नाही. ‘या मंत्र्याने हा निर्णय उशिरा घेतला, त्यामागे हे कारण होतं, त्याचा परिणाम असा झाला’ इतकं ती म्हणू शकते. दंड, तुरुंग, नुकसानभरपाई हे तिच्या हातात नाही.

ते काम न्यायालयं स्वतंत्रपणे करतात, आणि काही प्रमाणात त्यांनी ते केलंय. हॉस्पिटलमधल्या वृद्धांना चाचणी न करता केअर होममध्ये पाठवण्याचं इंग्लंडमधलं धोरण बेकायदा होतं, असा निकाल उच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला. पीपीईच्या कंत्राटांसाठी राजकीय ओळखीच्या पुरवठादारांना जी वेगळी ‘व्हीआयपी रांग’ होती, तीही जानेवारी २०२२ मध्ये बेकायदा ठरली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘पीपीई मेडप्रो’ या कंपनीला निकृष्ट गाउनांबद्दल सुमारे १२.२ कोटी पौंड सरकारला परत करण्याचा आदेश झाला. या तिन्ही गोष्टी चौकशीबाहेरच्या आहेत. बातमीत सगळं एकत्र येतं आणि गोंधळ होतो, म्हणून हा फरक लक्षात ठेवावा.

‘मॉड्यूल’ म्हणजे काय? किती आहेत?

विषयवार भाग. एकूण दहा आहेत : साथीआधीची तयारी, राजकीय निर्णय (स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांच्यासाठी २ए, २बी, २सी असे उपभाग), आरोग्यसेवा, लसी आणि औषधं, खरेदी, केअर होम आणि घरच्या घरी होणारी शुश्रूषा, चाचण्या, संपर्कशोध आणि विलगीकरण, मुलं, अर्थव्यवस्था, आणि शेवटी समाजावर झालेला परिणाम. या दहाव्या भागाची सुनावणी २०२६ च्या सुरुवातीला ठेवलेली होती.

प्रत्येक भागाचा अहवाल वेगळा येतो. त्यामुळे ‘कोविड चौकशीचा अहवाल आला’ अशी बातमी दिसली की आधी विचारायचं, कितव्या मॉड्यूलचा? पहिल्याचा १८ जुलै २०२४ रोजी आला, दुसऱ्याचा २० नोव्हेंबर २०२५ रोजी.

स्कॉटलंडची वेगळी चौकशी आहे म्हणतात, ती कोणती?

ती स्कॉटलंड सरकारने स्वतंत्रपणे नेमलेली आहे, अध्यक्ष लॉर्ड ब्रेल्सफर्ड. हॅलेट यांच्या २ए शी तिची गल्लत करू नये.

व्हॉट्सअ‍ॅपवरून एवढा वाद का झाला?

कारण ब्रिटनचं सरकार त्या काळात बऱ्याच अंशी व्हॉट्सअ‍ॅपवर चाललं होतं. बैठकीच्या अधिकृत टिपणात ‘चर्चा झाली’ एवढंच असतं. कोण अडून बसलं, कोणाला कोणावर भरवसा नव्हता, मंत्र्याने रात्री अकराला मत कसं बदललं, हे मेसेजमध्ये सापडतं.

२०२३ च्या वसंतात हॅलेट यांनी कायदेशीर नोटीस काढून बोरिस जॉन्सन यांचे मेसेज, डायऱ्या आणि वह्या कोणतीही काटछाट न करता मागवल्या. कॅबिनेट ऑफिसचं, म्हणजे सरकारच्या मध्यवर्ती खात्याचं, म्हणणं पडलं की यातलं बरंच काही चौकशीशी उघडपणे असंबद्ध आहे, ते आम्ही गाळून देऊ. हॅलेट म्हणाल्या, काय संबंधित आहे ते मी ठरवणार. मग सरकार आपणच नेमलेल्या चौकशीविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं. ६ जुलै २०२३ रोजी न्यायालयाने हॅलेट यांच्या बाजूने निकाल दिला.

माझ्या मते या संपूर्ण प्रक्रियेतला हा सर्वांत महत्त्वाचा दिवस होता. कागद निवडण्याचा अधिकार ज्याची चौकशी आहे त्याच्याकडेच राहिला असता, तर पुढच्या सगळ्या साक्षी निव्वळ औपचारिक झाल्या असत्या. हा निकाल कोविडपुरता नाही. यापुढची प्रत्येक चौकशी त्याच्यावर उभी राहील.

तरीही सगळं मिळालं नाहीच. जॉन्सन यांच्या जुन्या फोनवरचे जानेवारी २०२० च्या अखेरीपासून जूनपर्यंतचे, म्हणजे नेमके ऐन साथीतले मेसेज परत मिळवता आले नाहीत. स्कॉटलंडच्या तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख, निकोला स्टर्जन यांनी आपले मेसेज डिलीट केल्याचं साक्षीत मान्य केलं. महत्त्वाचे निर्णय व्हॉट्सअ‍ॅपवर घेतले नव्हते, असं त्यांचं म्हणणं होतं. ते खरं असेलही, पण पडताळून बघायला आता काही उरलेलं नाही, आणि ज्यांनी माणसं गमावली त्यांना याचाच राग आहे.

‘लॉकडाऊन आठवडाभर आधी लावला असता तर २३ हजार जीव वाचले असते’, हे खरं आहे का?

दुसऱ्या मॉड्यूलच्या अहवालात हा आकडा आहे. फॉरवर्ड होताना मात्र त्याच्या अटी गळून पडतात. त्या अशा :

आकडा फक्त इंग्लंडचा आहे, संपूर्ण ब्रिटनचा नाही. तो पहिल्या लाटेपुरता, १ जुलै २०२० पर्यंतचा आहे. आणि तो गणिती मॉडेलमधून आलेला अंदाज आहे. लॉकडाऊन २३ मार्चऐवजी १६ मार्चला लागला असता तर त्या लाटेतले मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले असते, असं ते मॉडेल सांगतं. मॉडेलवर आक्षेप घेणारे शास्त्रज्ञ आहेत, आणि त्यांचं म्हणणं वाचण्यासारखं आहे.

पण याच अहवालातला दुसरा निष्कर्ष मला जास्त वजनदार वाटतो, आणि तो फारसा कोणी पुढे पाठवत नाही. १६ मार्च २०२० च्या आधीच विलगीकरण, अंतर राखणं असे उपाय वेळेवर आणि नीट सुरू झाले असते, तर सक्तीचा लॉकडाऊन कदाचित लावावाच लागला नसता. म्हणजे ‘लॉकडाऊन हवा होता’ म्हणणारे आणि ‘लॉकडाऊनने वाटोळं केलं’ म्हणणारे, दोघांनीही आपलं बोट वाया गेलेल्या फेब्रुवारीवर ठेवायला हवं. त्या काळात साथीवरच्या पहिल्या पाच आणीबाणी बैठकांना पंतप्रधान हजर नव्हते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत वेळ इतका थोडा उरला होता की लॉकडाऊनशिवाय मार्ग नव्हता, असं अहवाल म्हणतो, आणि चारही सरकारांनी जे केलं ते फार थोडं आणि फार उशिरा केलं असा ठपका ठेवतो. पंतप्रधानांच्या कार्यालयातलं वातावरण विषारी आणि गोंधळाचं होतं, हेही त्यात स्पष्ट लिहिलंय.

दुसऱ्या लाटेबद्दल तर अज्ञानाची सबबही उरत नाही. २१ सप्टेंबर २०२० रोजी शास्त्रज्ञांच्या ‘सेज’ गटाने छोटा लॉकडाऊन सुचवला होता. इंग्लंडमध्ये तो लागला ५ नोव्हेंबरला.

साक्षी यूट्यूबवर बघाव्यात की वाचाव्यात?

वाचाव्यात. सुनावण्या तीन मिनिटांच्या अंतराने यूट्यूबवर दाखवल्या जातात, रेकॉर्डिंगही राहतं. साक्ष झाली की साधारण त्याच दिवशी तिची शब्दशः नोंद चौकशीच्या वेबसाइटवर येते. पानाला क्रमांक, ओळीला क्रमांक. पडद्यावर साक्षीदाराचा आवाज भरून आलेला दिसतो आणि आपण हळवे होतो किंवा चिडतो. कागदावर प्रश्न काय होता आणि उत्तर त्या प्रश्नाचंच होतं का, हे दिसतं.

एक उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०२० मध्ये अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी ‘ईट आउट टू हेल्प आउट’ योजना आणली : सोमवार ते बुधवार हॉटेलात खाल्लं तर बिलात निम्मी सूट, माणशी दहा पौंडांपर्यंत. मुख्य वैज्ञानिक सल्लागार पॅट्रिक व्हॅलन्स यांनी २० नोव्हेंबर २०२३ च्या साक्षीत सांगितलं की योजना जाहीर होईपर्यंत त्यांना ती ठाऊक नव्हती. इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी क्रिस व्हिटी यांनीही आपल्याला विचारलं नव्हतं असं सांगितलं. ११ डिसेंबरला सुनक आले. योजना जाहीर झाल्यापासून ती सुरू होईपर्यंत जवळपास महिना होता, त्या काळात कोणीच माझ्याकडे हरकत घेतली नाही, असा त्यांचा मुद्दा. आता दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचा. दोघंही खरं बोलत असू शकतात! एकाला आधी विचारलं नाही, दुसऱ्याला नंतर कोणी सांगितलं नाही. दोष कुठे आहे ते तेव्हा कळतं : आरोग्यावर परिणाम करणारा आर्थिक निर्णय शास्त्रज्ञांपुढून गेलाच पाहिजे, असा नियमच नव्हता. टीव्हीवर ही बातमी ‘सुनक विरुद्ध शास्त्रज्ञ’ एवढीच राहिली.

पुरावा म्हणून दाखवलेल्या प्रत्येक कागदाला ‘आयएनक्यू’ या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो. नोंदीत तो क्रमांक दिसला की वेबसाइटवर शोधून मूळ कागद उघडता येतो. व्हॅलन्स यांनी रोज रात्री स्वतःसाठी लिहिलेल्या टिपणांचे उतारे मी असेच वाचले. सत्तेच्या इतक्या जवळ बसलेल्या माणसाची हतबलता क्वचितच वाचायला मिळते.

साक्षी संपून दीड-दोन वर्षं झाली तरी अहवाल का येत नाही?

ज्यांच्यावर अहवालात टीका होणार आहे त्यांना आधी पत्र पाठवून उत्तर द्यायची संधी द्यावी लागते. नियमच तसा आहे. न्यायाच्या दृष्टीने तो योग्य आहे, पण वेळ खातो.

तुलनेसाठी स्वीडन बघा. तिथला कोरोना आयोग जून २०२० मध्ये, साथ सुरू असतानाच नेमला गेला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये अंतिम अहवाल देऊन मोकळा झाला. त्याची पद्धत वेगळी होती, उघड उलटतपासणीचा असा पसारा नव्हता. ब्रिटनमधल्या कुटुंबांना मात्र मंत्री शपथेवर, आपल्यासमोर बोलायला हवे होते. त्यांचा तो हट्ट मला पटतो. पण पुढची साथ या वेळापत्रकाची वाट बघत थांबणार नाही, हेही तितकंच खरं.

खर्च किती झाला?

२०२५ च्या अखेरीपर्यंत चौकशीचा स्वतःचा खर्च १९ कोटी पौंडांच्या घरात गेला होता. सरकारी खात्यांनी वकील आणि कागदपत्रांवर केलेला खर्च वेगळा, तोही १० कोटींच्या वर. रक्कम मोठी आहे. शेजारी दुसरी ठेवतो : २०२०-२१ मध्ये आरोग्य खात्याने पीपीईवर १,२१० कोटी पौंड खर्च केले आणि नंतर त्यातले तब्बल ८७० कोटी हिशेबातून वजा केले. काही माल वापरण्याजोगा नव्हता, काही जादा झाला, काहीची किंमत बाजारात कोसळली. असा पैसा पुढच्या वेळी थोडा जरी वाचला, तरी चौकशीचा खर्च निघून येईल. अट एकच, शिफारशी अमलात यायला हव्यात.

पहिल्या अहवालात काय होतं?

थोडक्यात, ब्रिटनने तयारी केली होती, पण चुकीच्या साथीची. सगळा आराखडा इन्फ्लुएन्झा धरून, तोही २०११ चा. २०१६ मध्ये ‘सिग्नस’ नावाची मोठी रंगीत तालीम झाली, त्रुटी सापडल्या, आणि बऱ्याच तशाच राहिल्या. गंमत वाटत नाही, वाईट वाटतं की २०१९ च्या जागतिक आरोग्य सुरक्षा निर्देशांकात हाच देश जगात दुसरा होता. हॅलेट यांनी दहा शिफारशी केल्या. त्यातल्या दोन लक्षात ठेवाव्यात : दर तीन वर्षांनी किमान एकदा देशव्यापी तालीम आणि तिचे निष्कर्ष जाहीर करणं; आणि सरकारला तयारीबद्दल परखड सल्ला देणारी, कायद्याने स्थापन झालेली स्वतंत्र संस्था.

सरकारने शिफारशी पाळल्याच नाहीत तर?

तर कायदा काही करू शकत नाही. शिफारशी बंधनकारक नसतात. माझ्या दृष्टीने खरा पाठपुरावा इथून सुरू होतो, आणि नेमकं इथेच पत्रकारांचं लक्ष उडतं. जॉन्सन साक्षीला आले तेव्हा डोरलँड हाउसबाहेर कॅमेऱ्यांची रांग होती. १६ जानेवारी २०२५ ला सरकारने पहिल्या दहा शिफारशींना उत्तर दिलं, त्या दिवशी किती जणांनी ते वाचलं?

हॅलेट यांनी सहा महिन्यांत उत्तर द्यावं अशी अपेक्षा ठेवली आणि चौकशी चालू आहे तोवर स्वतः अंमलबजावणीवर नजर ठेवायचं ठरवलं. त्याचा थोडा उपयोग झाला. २०२५ च्या उत्तरार्धात ‘पेगॅसस’ ही देशव्यापी तालीम झाली. पण चौकशी बंद झाल्यावर कोण बघणार? लॉर्ड्स सभागृहाच्या एका समितीने सप्टेंबर २०२४ मध्ये याच उणिवेवर बोट ठेवलं आणि चौकश्यांच्या शिफारशींचा पाठपुरावा करणारी कायमची संसदीय समिती नेमावी असं सुचवलं. त्याच महिन्यात ग्रेनफेल टॉवर आगीच्या अंतिम अहवालानेही सरकारने शिफारशींची जाहीर नोंद ठेवावी असं म्हटलं. रुग्णांना संसर्गित रक्त दिलं गेल्याच्या चौकशीचे अध्यक्ष ब्रायन लँगस्टाफ यांनी तर मे २०२४ मध्ये अहवाल दिल्यावरही चौकशी बंद केली नाही, आणि २०२५ मध्ये भरपाईच्या दिरंगाईवर पुन्हा सुनावणी घेतली. तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून एकच गोष्ट सांगितली गेली आहे.

‘शिफारस स्वीकारली’ आणि ‘शिफारशीमागचं तत्त्व स्वीकारलं’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. सरकारी उत्तर वाचताना दुसरं वाक्य आलं की थांबावं, आणि पुढे तारीख, खातं आणि पैशाची तरतूद दिली आहे का ते शोधावं.

भारतीय वंशाच्या डॉक्टर-नर्सचा विषय चौकशीत आला का?

आला, मुख्यतः तिसऱ्या मॉड्यूलमध्ये. अल्पसंख्याक वंशांच्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संघटनांचा महासंघ, फेम्हो, चौकशीत अधिकृत पक्ष आहे. साथीत सुरुवातीला दगावलेले डॉक्टर जवळजवळ सगळे याच समाजांतले होते. जून २०२० च्या सरकारी आढाव्यानुसार, वय आणि इतर काही घटक लक्षात घेऊनही, भारतीयांसह अनेक गटांत मृत्यूचा धोका गोऱ्या ब्रिटिशांपेक्षा १० ते ५० टक्के जास्त होता, बांगलादेशींमध्ये सुमारे दुप्पट. घट्ट बसणारे मास्क सगळ्या चेहऱ्यांना नीट बसत नव्हते, आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर सावळ्या त्वचेवर ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो, या दोन्ही गोष्टी सुनावणीत मांडल्या गेल्या. ऑक्सिमीटरचा मुद्दा आपल्याकडच्या वाचकांनी जरूर वाचावा. ते यंत्र २०२१ मध्ये महाराष्ट्रात घरोघरी होतं, आणि त्याच्या आकड्यावर विसंबून हॉस्पिटलला जायचं की नाही हे ठरत होतं.

सामान्य माणसाला आता आपला अनुभव सांगता येईल का?

नाही. ‘एव्हरी स्टोरी मॅटर्स’ या नावाने अनुभव गोळा केले जात होते, ते २३ मे २०२५ रोजी थांबलं. ५८ हजारांहून जास्त लोकांनी लिहिलं. त्यांचे विषयवार सारांश मात्र वाचायला खुले आहेत.

भारतात अशी चौकशी झाली का?

संपूर्ण देशाच्या कोविड धोरणाची, अशा अधिकारांची, जाहीर साक्षींची चौकशी झालेली नाही. संसदेच्या स्थायी समित्यांचे अहवाल आहेत. कर्नाटकात साथीतल्या खरेदीच्या चौकशीसाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती जॉन मायकल डिकुन्हा यांचा आयोग नेमला गेला.

कायदा मात्र आपल्याकडे आहे, १९५२ चा चौकशी आयोग कायदा. तो काय करू शकतो आणि काय नाही, हे महाराष्ट्राने श्रीकृष्ण आयोगात पाहिलंय. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींची चौकशी करणारा तो आयोग जानेवारी १९९६ मध्ये राज्य सरकारने गुंडाळला, मे महिन्यात पुन्हा सुरू केला. फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल आला आणि सरकारने त्याचे निष्कर्ष नाकारले. ब्रिटनच्या कायद्यातही मंत्र्याला चौकशी मधेच संपवता येते. जुलै २०२४ मध्ये तिथे सत्ताबदल झाला, पण चौकशी तशीच चालू राहिली. नव्या सरकारला ती थांबवण्याची राजकीय सोय नव्हती हे एक कारण असेल, पण त्या भिंतीवरचे लोक अजून हजर होते हे त्याहून मोठं कारण आहे.

आज सुरुवात करायची तर काय वाचू?

पहिल्या मॉड्यूलच्या अहवालाचा सारांश आणि त्याला सरकारने जानेवारी २०२५ मध्ये दिलेलं उत्तर, दोन्ही शेजारी ठेवून. एक संध्याकाळ पुरेल. त्यानंतर दुसऱ्या मॉड्यूलचा अहवाल. तो दोन खंडांत सुमारे ८०० पानांचा आहे, तेव्हा सारांश आणि फेब्रुवारी-मार्च २०२० ची प्रकरणं आधी घ्यावीत. त्यात १९ शिफारशी आहेत. पूर्वी सांगितलेला सहा महिन्यांचा हिशेब धरला, तर त्यांच्यावरचं सरकारी उत्तर मे २०२६ च्या आसपास यायला हवं.